उजवा कौल

आमच्या आबांनी पत्ते सोडले ते आई गेल्यावर, आणि महिना उलटायच्या आत कौल धरला. गाव म्हणालं, माणूस सुधारला. मला मात्र त्या वयातही वाटायचं की सुंभ जळला, पीळ काही गेला नाही. पत्त्यांच्या डावात समोर चार गडी असायचे, कौलात समोर एकटा देव. बाकी उकिडवं बसणं तेच, डोळे तेच, पान पडेपर्यंत श्वास रोखून धरणंही तेच.

कौल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या दगडाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, मनातलं विचारायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नको. मोठ्या देवळात हे काम गुरव करतो. आमचं गाव वेल्ह्याच्या खोऱ्यात, आणि आमचा देव शेताच्या बांधावर. त्याला ना देऊळ ना गुरव. शेंदूर फासलेला एक दगड आणि डोक्यावर पांढऱ्या चाफ्याचं झाड. नाचणी कधी लावायची, शेळी ठेवायची की द्यायची, पाहुण्यांकडे जेवायला जायचं की नाही, सगळं आबा त्याला विचारायचे. माझं लग्नही उजव्या कौलावरच ठरलं. दोन वर्षांनी नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला आला नाही. तेव्हा मी आबांना विचारलं होतं, "आता काय म्हनतोय तुमचा देव?" माझी जीभ पहिल्यापासून तिखट. पुढे उशिरा शिकून भोरला मास्तरीण झाले, तेव्हा शाळेतल्या पोरींनीही माझं नाव मिरची ठेवलं होतं.

आबा ऐन उमेदीत दहा वर्षं भोरजवळ धरणाच्या खाणीवर होते. धरणाला लागणारा दगड तिथे फोडायचे, आणि फोडणाऱ्यांवर आबा मुकादम. सुट्टी मिळाली की ते घरी यायला निघत आणि वाटेत हद्दीवर अडकत. आमचा मुलूख भोर संस्थानाचा, पण मध्येच इंग्रजी मुलखाची एक चिंचोळी पट्टी आत घुसलेली होती. त्या पट्टीच्या सीमेवर, रोवलेल्या दगडाच्या दोन्ही अंगांना, पत्र्याच्या खोपटांत जुगार चाले. संस्थानाचे शिपाई आले की चटया उचलून पंधरा पावलं पलीकडे टाकायच्या, इंग्रजांचे आले की अलीकडे. सगळा मुलूख त्या जागेला नुसतं 'हद्द' म्हणायचा.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा आई तापाने अंथरुणाला खिळली. चौथ्या दिवशी पहाटे धाकटे काका आबांना आणायला निघाले. आबा हद्दीवर सापडले. म्हणाले, एवढा डाव होऊ दे. इकडे आईने मला सांगितलं, माझं तोंड दाराकडं कर. मी तिची वाकळ ओढून ओढून फिरवली. रात्रभर ती उंबऱ्याकडे बघत होती आणि सकाळी गेली. आबा दुपारी आले. त्या दिवसानंतर त्यांनी पत्त्याला हात लावला नाही, हे खरं. पण मी ते कधी विसरले नाही, हेही खरं.

पुढे धरण झालं, खाणी बंद पडल्या, आबा शेतावर आले. सोबत खोकला घेऊन आले. आधी आम्ही त्याला दमा म्हणायचो. मग दर उन्हाळ्याला तो वाढत गेला. मी पंचविशीची असताना, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी, आबांना घरापासून बांधापर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं. त्या वैशाखात देवी टोचणारे एक गृहस्थ गावात आले होते. त्यांनी आबांच्या पाठीला कान लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांच्या छातीत दगडाची पूड बसली आहे. भोरच्या दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टर आहेत. इथे ठेवलंत तर पाऊस बघायचे नाहीत."

मी आबांना म्हटलं, चला. आबा म्हणाले, "देवाला इचारू."

त्यांचे हात तोवर कापायला लागले होते, त्यामुळे पाकळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं होतं. चाफ्याची पाकळी जाड आणि जड असते. दगड ओला केला तर बराच वेळ धरून राहते. मी डाव्या अंगाला बोट बुडवून पाणी फासलं. उजव्या अंगाला नुसतं बोट टेकवलं. आबांचं गाऱ्हाणं निम्मं झालं नव्हतं तोवर उजवी पाकळी खाली आली. काकांनी हात जोडले. आबा त्या पाकळीकडे बघत राहिले.

"लई घाईत दिसतोय देव आज," ते म्हणाले. मग पाकळी उचलून त्यांनी पागोट्यात खोवली. कौलाची पाकळी प्रसाद म्हणून अशीच जवळ ठेवायची रीत आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बैलगाडीत पेंढा, त्यावर वाकळ, वाकळीवर आबा. काका गाडी हाकायला. मोटार मोठ्या सडकेवर मिळाली असती, पण तिच्या धुराने आबांचा जीव गुदमरायचा. वैशाखातला तो रस्ता ज्याने पाहिलाय त्यालाच ठाऊक. दोन्ही बाजूंचे डोंगर भाजून पिवळे पडलेले, शेतं पालापाचोळ्याचा राब जाळून काळी केलेली, आणि रस्त्यावर पायाचा घोटा बुडेल एवढा फुफाटा. मार्गासनीपाशी नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. बायका पात्रात खड्डे खणून वाटी-वाटीने पाणी काढत होत्या. त्यातल्या एकीने आमच्या घागरीत दोन वाट्या ओतल्या आणि आबांकडे बघून मला विचारलं, "भोरला का?" मी मान हलवली. तिने आणखी एक वाटी ओतली.

मार्गासनीच्या पुढच्या गावी जत्रा होऊन गेली होती. पालखी झाली, कुस्त्या झाल्या, लोक पांगले, तरी चक्रीवाला अजून मुक्काम हलवायला तयार नव्हता. लाकडी चाक, त्यावर रंगवलेली चित्रं, वाघ, हत्ती, राणी, सूर्य. आपल्या चित्रावर काटा थांबला की जिंकलं. काकांनी बैल सोडले आणि पाणी पाजायच्या निमित्ताने तिकडेच जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने तोंड पाडून परत आले.

"वाघावर येता येता फुडं सरकतंय," ते म्हणाले. "दोनदा सरकलं."

आबा गाडीत उठून बसले. मला म्हणाले, "पोरी, हिकडं ये. त्या चक्रीवाल्याकडं बग. काय दिसतंय?"

मी म्हटलं, ओरडतोय, हसतोय, पान खातोय.

"ते सोंग हाय. खोट करनाऱ्याच्या तोंडाकडं बगायचं न्हाई. हातपाय बगायचं. त्येचा डावा गुडगा बग."

मग मला दिसलं. धोतराच्या आडून त्याचा गुडघा चाकाच्या बुडाला टेकत होता, आणि टेकला की चाक एक घर पुढे किंवा एक घर मागे थांबत होतं. आबा किती दिवसांनी हसले. म्हणाले, "धा वर्सं हेच शिकलो की म्या. पत्त्याला कुनी नख मारलं तर मला चटईच्या ह्या टोकाहून दिसायचं." काका खजील होऊन बैलांना पेंढा टाकायला लागले. मी माझे हात पदराखाली घेतले.

त्या दिवशी नसरापूरला ओळखीच्या घरी पडवीत मुक्काम केला. आबांनी भाकरीचा काला चार घास खाल्ला. मला वाटलं, रस्त्याने त्यांना बरं वाटतंय. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं.

सकाळी निघालो आणि ऊन चढता चढता हद्द आली. मी ती जागा त्याआधी कधी पाहिली नव्हती. लहानपणी ऐकून ऐकून माझ्या मनात ती एक मोठी पेठ होती, दिवे, गर्दी, ओरडा. समोर होती तीन खोपटं. त्यातल्या एकाचा पत्रा उडून गेलेला. एक चहावाला, एक कुत्रं, आणि चिंचेखाली चटईवर चार म्हातारे, विड्यांवर पत्ते खेळत. पत्ते इतके मळलेले की राजा कोण आणि राणी कोण ते त्यांनाच कळत असावं. त्यांच्यातल्या दोघांची गावं धरणाच्या पाण्याखाली गेली होती, असं आबांनी सांगितलं. खाण संपल्यावर बाकीचे आपापल्या घरी गेले. ह्यांना जायला घर नव्हतं, म्हणून हे हद्दीवरच राहिले.

एका म्हाताऱ्याने आबांना ओळखलं. तो चटईवरून उठला, गाडीच्या चाकाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मुकादम. या, बसा. येक डाव."

आबा मला म्हणाले, "मला खाली उतरीव."

माझं डोकं फिरलं. "आबा, आईची शपथ हाय तुमाला."

"खेळत न्हाई गं. जागा दावतो."

मी आणि काकांनी त्यांना धरून चिंचेखाली नेलं. आबांनी काठीच्या टोकाने जमिनीवर खूण केली. "हितं बसलो हुतो म्या. आन् ह्यो तुजा काका त्या धोंड्यापाशी उबा हुता. घामानं निथळत हुता. मला म्हनला, दादा, वैनी जाती. म्या म्हनलं, एवडा डाव हुंदे." ते थांबले. खोकला आला, गेला. "हातात पानं लई चांगली आली हुती, पोरी. तशी पानं म्या त्येच्या आदी कदी बगितली नव्हती."

काका दुसरीकडे बघत होते. मी विचारलं, "मग? जिंकलात?"

"जिकलो."

चौदा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धरून चालले होते की आबा हरले, म्हणून शुद्धीवर आले. मला त्यांचा इतका राग आला की त्यांचा दंड माझ्या हातात होता तो मी सोडून दिला. ते डगमगले. त्या चटईवरच्या म्हाताऱ्याने पुढे होऊन त्यांना धरलं. मला अजून लाज वाटते त्याची.

गाडी पुन्हा चालू लागली. आबा पेंढ्यावर पडल्या पडल्या, डोळे मिटूनच म्हणाले, "बांदावरच्या देवाला तू उजव्या अंगाला पानी लावलंच न्हाईस."

काका पुढे बैलांशी बोलत होते, त्यांना ऐकू गेलं नाही.

"ठावं हुतं तर आलात कशाला?" मी विचारलं.

"तुजी लई विच्छा दिसली. म्हनलं, चार कोस जाऊन बगू." त्यांनी डोळे उघडले. "पर आता म्या सोता इचारनार हाय. खाणीवरच्या देवाला. तो आमचाच हाय, आमी बसवल्याला. भोरला जायाचं का घरला फिरायचं, तो सांगंल तसं. मला काय वाटतं ते सांगू? मला घरला जायाचं हाय. तुजी आई जितं पडली हुती तितं, त्या उंबऱ्याकडं तोंड करून मला जाऊंदे. तिनं वाट बगितली. म्या निदान तेवडं तरी करतो. डागतर मला काय नवी छाती देनार हाय?"

मी म्हणाले, डॉक्टर बरं करतील, तुम्हाला काय कळतंय. मला त्यांना मरू द्यायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला बाप गेल्यावर कोण असतं, हेही डोक्यात होतं. सगळं खरं लिहायचं तर तेही लिहायला हवं.

"ह्या खेपंला खोट करू नगंस," आबा म्हणाले. "आईची आन घे."

मी आन घेतली.

खाणी मोठ्या सडकेवरून भोरकडे वळल्यावर, धरणाच्या अलीकडे. आबा सांगायचे की तिथे एके काळी भोरपेक्षा जास्त दिवे लागत. आता डोंगराचा कापलेला कडा उभा होता, त्यावर छिन्नीच्या रेघा जशाच्या तशा. खालच्या खड्ड्यात शेवाळलेलं हिरवं पाणी. मजुरांच्या झोपड्यांची छपरं कुणी कुणी उचलून नेलेली, नुसत्या दगडी भिंती रांगेने उरलेल्या. लोहाराच्या भट्टीत सरडा बसला होता. आबा एकेका भिंतीकडे बोट करून कोण कुठे राहायचं ते सांगत होते. ह्यो सुरुंगवाला, एक हात गेल्याला. ही त्येची बायको, लई गायची. मी ऐकत होते आणि त्यातल्या एकाही माणसाचं पुढे काय झालं ते आबांना ठाऊक नव्हतं.

देव कड्याच्या पायथ्याशी होता. खाणीतला एक धोंडा, तीन वेळा सुरुंग लावूनही फुटला नाही, म्हणून पाथरवटांनी शेंदूर फासून त्यालाच देव केला. शेजारी चाफा, अंगावर एक पान नाही आणि फांदी-फांदीला फुलं. काका बैलांना पाणी दाखवायला धरणाकडे घेऊन गेले. आबांना मी धोंड्यासमोर बसवलं.

ह्या वेळी मी खोट केली नाही. दोन सारख्या पाकळ्या निवडल्या. तांब्यात दोन बोटं बुडवून दोन्हीकडे सारखं पाणी लावलं. आबा माझ्या हाताकडे बघत होते. त्यांनी मान डोलावली आणि देवाशी बोलू लागले, शेजाऱ्याशी बोलावं तसं. "देवा, वळखलंस का? मुकादम. भोरला जायाचं आसंल तर उजवा दे. घरला जायाचं आसंल तर डावा दे. डावा दिलास तर बरं हुईल. पर तुजी मर्जी."

आम्ही बसून राहिलो. दुपार डोक्यावर आली होती. कड्यातून भट्टीसारखी झळ येत होती. पाणी सुकत चाललं होतं, दोन्ही पाकळ्यांच्या कडा सुटायला लागल्या होत्या. तेवढ्यात आबांना खोकल्याची उबळ आली. त्यांचं डोकं गुडघ्यांत गेलं, डोळे मिटले, सबंध पाठ हादरायला लागली. मी उठून त्यांच्याकडे जाणार होते.

डावी पाकळी सरकली.

बोटभर खाली आली आणि थांबली. आता पडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी हात पुढे केला आणि अंगठ्याने ती दगडावर दाबून धरली. एवढी जोरात की नख रुतलं. आबांचा खोकला चालूच होता. मग उजवी पाकळी पडली. मी अंगठा काढून घेतला, डावी तिथेच दगडाला चिकटून राहिली, आणि मी माझ्या जागेवर येऊन बसले. ह्याला किती वेळ लागला असेल? तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढा.

आबांनी डोकं वर केलं. तोंड पुसलं. खाली पडलेली उजवी पाकळी पाहिली, मग दगडावरची डावी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"उजवा दिला देवानं," मी म्हणाले.

"बरं," आबा म्हणाले. "काकाला हाक मार जा. ऊन लई झालं."

मी काकांना बोलवायला गेले. परत आले तेव्हा आबा पुढे सरकून धोंड्यावर कपाळ टेकून होते. मला वाटलं, पाया पडतायत. मी थांबले, आणि मग आम्ही त्यांना उचलून गाडीत घातलं.

भोरला दिवेलागणीच्या आधी पोचलो. डॉक्टर भला माणूस होता. त्याने आबांना तपासलं, औषध दिलं, खाट दिली, आणि मला खोटी आशा काही दाखवली नाही. "बघू," एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी आबांनी दूध-भात खाल्ला, शेजारच्या खाटेवरच्याला चक्रीवाल्याची गोष्ट सांगितली, आणि मी हुरळून गेले. काकांना म्हटलं, तुम्ही गाडी घेऊन परत जा, जनावरं उपाशी असतील, आठवड्याने न्यायला या. काका निघाले तेव्हा आबा खिडकीतून बैलांकडे बघत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "उजवाच पडला न्हवं?"

"व्हय आबा."

"मग झालं."

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दुपारी त्यांनी विचारलं, "गाडी कुटं हाय?" मी म्हटलं, घरी गेली, पाठवली मी. त्यांनी माझा हात हातात घेतला. माझा अंगठा चोळत राहिले, लहान मुलाचा चोळावा तसा. मग म्हणाले, "कौल उजवाच हुता न्हवं, पोरी?"

मी म्हटलं, "व्हय."

"मग झालं."

मला तेव्हा वाटलं, तापात तेच तेच बोलतायत. चौथ्या दिवशी पहाटे त्यांना शुद्ध होती. म्हणाले, माझं तोंड दाराकडं कर. मी एका सेवकाला हाताशी धरून खाट फिरवली. दारातून दवाखान्याची ओसरी दिसत होती आणि ओसरीच्या पुढे एक चुन्याची भिंत. आबा त्या भिंतीकडे बघत राहिले. मी त्यांच्या उशाशी बसून देवाला नवस बोलत होते, त्याच देवाला, ज्याचा कौल मी दोनदा फिरवला होता. उजेड पडल्यावर आबांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज राहिला नव्हता, नुसते ओठ हलले, पण काय विचारतायत ते मला कळलं.

मी म्हटलं, "व्हय आबा, उजवाच."

त्यांनी डोळ्यांनीच बरं म्हटलं. थोड्या वेळाने ते गेले. दारात कुणी नव्हतं.

काकांना निरोप पोचून ते येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, ऊन फार होतं. नीरेच्या काठावर भोरच्या चार परक्या माणसांनी त्यांना खांदा दिला. सेवकाने आबांचे कपडे घडी करून माझ्या हातात ठेवले, वर पागोटं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि पागोटं उलगडलं. एका पदरात बांधावरच्या देवाची पाकळी होती, सुकून चुरा झालेली. दुसऱ्या पदरात दोन पाकळ्या होत्या, एकीवर एक ठेवलेल्या, खाणीवरच्या. एक साफ होती. दुसरी मधोमध काळी पडलेली, आणि त्या काळ्या डागात नखाची बारीक कोर उमटलेली.

मी माझ्या अंगठ्याचं नख तिच्यावर टेकवून पाहिलं. बरोबर बसलं.

पायरीवरून उठायला मला दुपार झाली. त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, आणि मी तीनदा व्हय म्हटलं होतं.